हरळीची बाजू

१९७७ साली अमेरिकेतल्या लीरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या शेतांतली सर्वांत त्रासदायक तणं एका जाड ग्रंथात क्रमवार मांडली. पहिला नंबर लव्हाळ्याचा, म्हणजे ज्याच्या गाठींना आपण नागरमोथा म्हणतो त्याचा. दुसरा नंबर हरळीचा. आता गंमत बघा. आपल्याकडे बंगल्यापुढे, सोसायटीत, मंगल कार्यालयाच्या आवारात ज्याला लॉन म्हणतात, ते पुष्कळ ठिकाणी या दुसऱ्या नंबरच्या तणाचंच असतं. नर्सरीवाला ‘सिलेक्शन’, ‘बर्म्युडा’ अशी नावं सांगतो, पण कूळ तेच. गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं. शेतकरी ज्या गवताला उसातून खणून बांधावर फेकतो, तेच आपण पैसे मोजून लावतो. मग दोन-तीन वर्षं दुर्लक्ष होतं आणि पहिल्या नंबरचं तण येऊन दुसऱ्या नंबरच्या तणाची जागा बळकावतं.

हे एकदा लक्षात आलं की बिघडलेल्या हिरवळीकडे बघायची नजरच बदलते. हरळी काही लाडावलेली, नाजूक वनस्पती नाही. तिची खोडं जमिनीवरून धावतात, जमिनीखालूनही धावतात, आणि पेरापेराला मुळं धरतात. उन्हाळ्यात पार वाळून गेलेली हरळी वळवाच्या एका सरीने आठवडाभरात हिरवी होते. असली चिवट जात जर स्वतःच्याच अंगणात हरली असेल, तर तिचे हात कोणीतरी बांधलेले असणार, आणि बांधणारे बहुतेक वेळा आपणच असतो. माती तुडवून दगड केलेली असते, वर झाडांची सावली पडलेली असते, वर्षानुवर्षं खताचा कण दिलेला नसतो, किंवा महिन्यातून एकदा मशीन आणून बुडापासून भादरलेलं असतं. खुरपं घेऊन बसण्याआधी यातलं आपल्याकडे नेमकं काय झालंय ते शोधायला हवं. ते न शोधता उपटलेलं तण पुढच्या पावसात परत येतं, कारण त्याला आणणारी परिस्थिती तशीच असते.

परिस्थिती किती ठाम निकाल देते याचा एक फार जुना पुरावा आहे. इंग्लंडमध्ये हार्पेंडन इथे रॉथॅमस्टेड हे शेतकी संशोधन केंद्र आहे. तिथे १८५६ मध्ये जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडले आणि पट्ट्यापट्ट्याला वेगवेगळी खतं द्यायला सुरुवात केली. काही पट्ट्यांना मुद्दाम काहीच दिलं नाही. बी कुठेच पेरलं नाही, काही उपटलंही नाही. गवत वाढायचं, कापायचं, एवढंच. थोड्याच वर्षांत शेजारशेजारचे पट्टे इतके वेगळे दिसू लागले की हे एकच कुरण होतं यावर विश्वास बसू नये. प्रयोग आजही चालू आहे. ज्या पट्ट्यांना खत मिळालं नाही तिथे चाळीसच्या घरात वनस्पती एकत्र नांदतात. ज्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट मिळालं आणि ज्यांची माती त्याने आंबट होत गेली, तिथे दोन-तीन गवतंच काय ती उरली आहेत. कोणी राहायचं आणि कोणी जायचं, हे तिथे कुठल्या माळ्याने ठरवलेलं नाही.

म्हणून पहिलं काम गुडघ्यावर बसून बघायचं. पुण्यातल्या एखाद्या पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायटीची हिरवळ घ्या. मुलं जिथून शॉर्टकट मारतात त्या पट्ट्यात एकदांडी पसरलेली दिसेल. पांढऱ्या-पिवळ्या फुलाचा एकेक लांब दांडा आणि खाली जमिनीला चिकटलेली खरखरीत पानं. तिच्या जोडीला दुधी असते, तोडली की पांढरा चीक येणारी. दोघींना घट्ट, तुडवलेली, कोरडी माती चालते. हरळीची मुळं तिथे दोन बोटांखाली जात नाहीत, यांची जातात. नळाजवळ, जिथे पाइप गळतो किंवा पाणी साचतं, तिथे लव्हाळा दाट असतो. उघड्या पडलेल्या, पण खतावलेल्या टकलांवर घोळ पसरते. आंब्याखाली हरळीचा मागमूस नाही. शेवाळ आणि आंबुशी. जिथे नत्र कमी पडलंय तिथे रानमेथीसारख्या शेंगवर्गातल्या बारीक वेली हरळीला मागे टाकतात, कारण मुळांवरच्या गाठींतले जिवाणू त्यांना हवेतला नत्र परस्पर मिळवून देतात. कडेच्या उकिरड्यालगत गाजर गवत. हे पाहुणं देशात पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं ते १९५०च्या दशकात, पुण्यातच. त्याला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये, अनेकांच्या अंगावर त्याने पुरळ उठतं. आणि फुलावर यायच्या आत काढावं.

असल्या तणांतली कित्येक श्रावणात भाजी म्हणून विकली जातात हेही जाता जाता सांगायला हवं. घोळ, कुर्डू, टाकळा, केना, आंबुशी. ज्यांच्या हिरवळीवर औषध मारलं जात नाही त्यांनी तण काढताना एक टोपली वेगळी ठेवायला हरकत नाही. केन्याच्या पानांची भजी उत्तम होतात.

तणांनी सांगितलेलं खरं आहे का, ते मातीत हात घालून पडताळावं. पाऊस पडून दोन दिवस झाले की एक लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबून बघा. मूठभर खोल सहज गेला तर माती ठीक आहे. दोन इंचांवर अडला तर माती तरी दबलेली आहे, नाहीतर खाली विटांचे तुकडे आहेत. शहरात हे दुसरं फार आढळतं. बिल्डर पाया खणताना वरची चांगली माती उचलून नेतो, इमारत झाली की राडारोडा तिथेच पसरतो आणि त्यावर चार-सहा इंच लाल माती टाकून लॉनच्या लाद्या अंथरतो. ताबा घेताना सगळं हिरवंगार असतं. तिसऱ्या वर्षी मुळं सिमेंटपर्यंत पोहोचतात आणि तक्रारी सुरू होतात. कॉंक्रीट आणि चुन्यामुळे माती विम्लधर्मी होते, बोअरचं जड पाणी तिला आणखी तशीच करतं, आणि मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक यावर युरिया मारतात. युरियाचा इथे काही उपयोग नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम या मापाने संध्याकाळी पानांवर फवारलं की आठवड्यात रंग फिरतो. फक्त फरशीवर उडू देऊ नये, गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

मूळची काळी माती असेल तर दुखणं वेगळं. ती ओली असताना तुडवली की कणाकणांमधल्या पोकळ्या बुजतात, हवा संपते, आणि सुकली की भेगा पडतात. या मातीवर सर्वांत मोठा घाला कधी पडतो म्हणाल, तर ऐन गणेशोत्सवात. भर पावसाळ्यात, चिखल झालेल्या हिरवळीवर मंडप उभा राहतो, दहा दिवस ऊन अडतं, रोज दोनशे माणसं आरतीला उभी राहतात, आणि मंडप उतरल्यावर खाली जे पिवळं पडलेलं असतं त्यात गणपतीच्या दूर्वाच असतात. कोणी मंडप बंद करा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पार्किंगच्या फरशीवर घालता येतो का, एवढं समितीने बघावं.

आता कामाला लागू. समितीच्या बैठकीत पहिली सूचना हमखास येते ती अशी: सगळं खणून काढा आणि नवीन लावा. निम्म्याहून जास्त जागेत हरळी शिल्लक असेल तर ही सूचना सरळ नाकारावी. कारण मातीत बी असतं, किती असतं याची आपल्याला कल्पना नसते, आणि ते थांबायला तयार असतं. मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तणांचं बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरलं आणि पुरून ठेवलं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि काय रुजतं ते बघायचं. २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी काढलेल्या बाटलीतलंही काही बी रुजलं. पुष्कळशा तणांच्या बारीक बियांना रुजायला उजेडाचा इशारा लागतो, अगदी क्षणभराचाही चालतो. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर तांबडा प्रकाश टाकून हा खटका कसा दाबला जातो ते दाखवलं. कुदळ मारली की आपण हेच करतो. खाली अंधारात झोपलेलं बी वर येतं, त्याला उजेड लागतो, आणि पंधरा दिवसांत जे उगवतं ते बघून माळी म्हणतो, शेणखतातून आलं. काही शेणखतातूनही येतं. कच्चं शेणखत हिरवळीवर कधी टाकू नये. चांगलं कुजलेलं, भुसभुशीत, वास गेलेलं आणि चाळून घेतलेलं हवं.

खणायचं नाही, तर काय करायचं? खरडायचं. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, वेल ओळखू येऊ नये इतकी, हिरवळीचंही तसंच. काळ मे महिन्याचा. त्या आधी काही दिवस पाणी तोडायचं. मग मशीनची पाती जितकी खाली येतात तितकी आणून दोन-तीन वेळा, आडवी-उभी कापणी करायची, आणि लोखंडी दाताळ्याने जोर लावून ओढायचं. दाताळ्याला जे लागतं ते बघण्यासारखं असतं. गवत आणि माती यांच्या मध्ये तपकिरी, चटईसारखा थर असतो. मेलेली खोडं, न कुजलेली पानं, मुळांचे धागे. हा थर बोटभर जाड झाला की पाणी खाली उतरत नाही, नवी मुळं मातीऐवजी त्या थरातच राहतात आणि चार दिवस पाणी चुकलं की वाळतात. एका हजार चौरस फुटांतून या कचऱ्याची पोती भरतात. त्यात बियांचे तुरे नसतील तर खतखड्ड्यात टाकावा. काम संपल्यावर जागा भुंडी, ओरखडलेली दिसते आणि आजूबाजूचे रहिवासी हमखास विचारतात की हे कोणाच्या डोक्यातून निघालं. हरळीचा जीव मात्र जमिनीखाली असतो. कुठल्याही गवताचा वाढीचा कोंब पानाच्या टोकाला नसून बुडाशी असतो, म्हणून तर गुरं चरली तरी गवत उरतं.

खरडून झालं की भोकं पाडायची. यासाठी पोकळ दातांचं यंत्र असतं, पण छोट्या जागेला चार दातांचा गार्डन फोर्क पुरतो. वीतभर अंतरावर दाबायचा, थोडा मागे-पुढे हलवायचा, काढायचा. माती कोरडी ठणठणीत असेल तर आदल्या दिवशी पाणी द्यावं. मग कुजलेलं खत आणि चाळलेली माती यांचं मिश्रण अर्धा इंच पसरून खराट्याने भोकांत लोटायचं. काळ्या मातीत नुसती वाळू घालण्याची एक पद्धत पडलीये ती मला पटत नाही. थोड्या वाळूने चिकणमाती सैल होत नाही, उलट वाळूचा वेगळा थर बसतो आणि पाणी त्या सांध्यावर अडकतं. काम कंपोस्टने होतं, सावकाश, गांडुळांच्या मदतीने.

जिथे टक्कल पडलंय तिथे नव्याने हरळी लावायची, आणि ही मृगाच्या पावसाची वाट बघून. खरडताना निघालेल्या निरोगी काड्याच चालतात. दोन-तीन पेरांच्या काड्या घेऊन खुरप्याने चार-चार बोटांवर टोचायच्या, एक पेर वर ठेवायचं, पायाने दाबायचं. आपल्या जुन्या माळ्यांची आणखी एक रीत आहे. हरळी बारीक चिरायची, शेण आणि मातीत पाणी घालून केलेल्या राड्यात कालवायची आणि तो काला जमिनीवर लिंपायचा. दिसायला ओंगळ, पण उतारावर काड्या वाहून जातात तिथे लिंपण टिकतं. तयार लाद्या आणायच्या तर आणा, पण एका लादीची माती हातात चुरून बघा. तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या तर दुकानदाराला नमस्कार करून परत फिरावं.

आता लव्हाळा. तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचा दाखला केला. बागकाम करणाऱ्याला त्याची नम्रता दिसते ती एवढीच की उपटायला गेलं की तो झटकन हातात येतो. फसवणूक तिथेच असते. आपल्या हातात पात आणि थोडी मुळं येतात, गाठ खाली राहते. एक रोप खुरप्याने न तोडता, भोवतीची माती सोडवत, सावकाश उकरून बघाच. वीतभर खोलीच्या आत काळपट, केसाळ, हरभऱ्याहून मोठी गाठ मिळते. तोडली की आत पांढरी आणि नागरमोथ्याचा तो वास, दिवाळीच्या उटण्यातला. त्या गाठीतून दोऱ्यासारखं बारीक, टणक खोड निघून दुसऱ्या गाठीकडे जातं, तिथून तिसरीकडे. अख्खी माळ असते. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ मागच्या गाठींना दाबून ठेवते, त्या झोपून असतात. आपण हिसका देऊन माळ तोडली की प्रत्येक तुकडा मोकळा होतो आणि एकाच्या जागी चार रोपं उभी राहतात. ओळखायला सोपं: काडी बोटांत फिरवा, गवताची गोल फिरते, लव्हाळ्याची तिकोनी टोचते. आणि पावसाळ्यात कापणीनंतर दोन दिवसांत जे पातं बाकीच्या गवताच्या डोक्यावर गेलेलं दिसतं, ते त्याचंच.

याच्यावर काय चालतं? काळं प्लास्टिक नाही. त्याचा टोकदार कोंब प्लास्टिक फोडून वर येतो. थोड्या जागेत, नवीन लागवडीआधी, उन्हाळी नांगरट चालते. गाठींना वाळणं सोसत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये कोरडी माती वीतभर उलथून, ढेकळं उन्हात तापू द्यायची, गाठी वेचायच्या, पुन्हा उलथायची. शेतकरी हेच करतात. उभ्या हिरवळीत दोन गोष्टी चालतात आणि दोन्हींना चिकाटी लागते. एक म्हणजे उपाशी मारणं. प्रत्येक कोंब गाठीतल्या साठ्यावर वर येतो आणि काही आठवड्यांनी स्वतः अन्न बनवून नव्या गाठी भरू लागतो. त्याआधी, दर आठ-पंधरा दिवसांनी, कोंब तोडत राहिलं तर साठा आटत जातो. गाठीवर अनेक डोळे असतात, म्हणून एका मोसमात आशा धरू नये. दुसरी गोष्ट सावली. जगातला हा पहिल्या नंबरचा गुंड सावलीत दुबळा पडतो. हरळी दाट असेल आणि जरा उंच ठेवली असेल तर कोवळा कोंब तिच्या खालीच गुदमरतो.

म्हणजे गाडी कापणीवर आली, आणि माझ्या मते निम्मी लढाई इथेच हरतात किंवा जिंकतात. एका वेळी पानाच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापावा, त्याहून जास्त नाही. हरळी दीड इंचावर राखायची तर सव्वादोन इंच झाली की कापायला हवी. जून ते सप्टेंबर याचा अर्थ आठवड्याला एकदा. आपल्याकडे होतं काय, तर महिनाभर वाढू देतात, गवत गुडघ्याला लागतं, खालची पानं सावलीने पिवळी पडतात, आणि मग ब्रश कटर आणून जमिनीलगत तासतात. हिरवं सगळं निघून जातं, पिवळी खोडं उरतात, मातीवर ऊन पडतं. तणाच्या बियांना हवा असतो तो इशारा मिळतो. ब्रश कटरचा धागा पान कापत नाही, फाडतो. फाटलेली टोकं दोन दिवसांत करडी होतात आणि अख्खी हिरवळ आजारी दिसते. लॉन कापायचं यंत्र १८३० मध्ये इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने काढलं ते लोकरी कापडावरची लव सारखी करणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून, कात्रीसारखं कापणारं. छोट्या अंगणाला त्या जातीचं, हाताने ढकलायचं, पात्यांच्या रुळाचं मशीन आजही सर्वांत चांगलं. आवाज नाही, पेट्रोल नाही. कोणतंही घ्या, पात्याला धार हवी. कापलेले तुकडे बारीक असतील तर तिथेच पडू द्यावेत, त्यांतला नत्र परत मातीत जातो.

खताचं थोडक्यात. शंभर चौरस मीटरला, म्हणजे साधारण हजार चौरस फुटांना, एका वेळी एक किलो युरिया ही कमाल. पानं कोरडी असताना सारखा फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं, नाहीतर मुठीच्या आकाराचे करपलेले ठिपके पडतात. हरळी जोमात असते तेव्हाच, जूनअखेर, ऑगस्टात आणि ऑक्टोबरात. थंडीत पुण्या-नाशिककडे रात्री गार पडल्या की ती मंदावते, रंग उतरतो. तेव्हा खत घालून काही साधत नाही. कोकणात आणि गोव्यात गणित उलटं आहे. तिथली जांभ्याची माती आंबट, पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, दिलेलं खत धुऊन जातं. तिथे खत थोडं थोडं, विभागून द्यावं आणि अधूनमधून चुना.

टक्कल पडलं म्हणजे तणानेच मारलं असंही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिवळा पडलेला पट्टा हाताने ओढून बघा. गालिच्यासारखा सुटून वर आला तर खाली हुमणीच्या अळ्या असतात, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. त्या मुळं खातात. त्यांचे भुंगे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून, खाली रॉकेलमिश्रित पाण्याचं भांडं धरून गोळा करणं हा अजूनही स्वस्त उपाय आहे.

तणनाशकांबद्दल विचारलं जातंच. टू-फोर-डी रुंद पानांच्या तणांना मारतं आणि हरळीला सोडतं. एकदांडी, दुधीवर चालतं. पण वाऱ्याने उडालं तर शेजारच्या गुलाबाची, टोमॅटोची, द्राक्षाची पानं वेडीवाकडी होतात. लव्हाळ्यासाठी उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात. त्याचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर धीर सुटून लोक दुसरा हात मारतात, तो मारू नये. ग्लायफोसेट तण आणि हरळी असा भेद करत नाही, शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. मुलं लोळतात, कुत्री हुंगतात त्या जागेत मी खुरप्याच्या बाजूने आहे. हजार फुटांची हिरवळ खुरप्याने आवरते, आणि दहा हजार फुटांची आवरत नसेल तर ती दहा हजार फुटांची का आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

तो प्रश्न पाण्यापाशी आणखी टोचतो. आठवड्याला एक इंच पाणी धरलं तर शंभर चौरस मीटरला अडीच हजार लिटर लागतं. उन्हाळ्यात त्याहून जास्त. ज्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर येतात तिथे एवढं पाणी गवतावर ओतण्याचं समर्थन करता येत नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरत असाल तर गोष्ट वेगळी. एरवी हरळीला उन्हाळ्यात पिवळी पडू द्यावी, पंधरा दिवसांतून एकदा खोल पाणी द्यावं; मरत नाही ती. रोज शिंतोडे मारले की मुळं वरच राहतात आणि घोळ-लव्हाळ्याची सोय होते. आणि जिथे दिवसाला पाच-सहा तास ऊन नाही तिथे हरळीचा नाद सोडून द्यावा. आंब्याखाली दरवर्षी नव्या लाद्या लावणाऱ्या सोसायट्या आहेत. त्या जागी मोंडो ग्रास लावा, किंवा नुसता पालापाचोळा पसरून बाकडी ठेवा. हिरवळ निम्मी केली की उरलेल्या निम्म्याला पुरेल इतकं खत, पाणी आणि मनुष्यबळ बहुतेक ठिकाणी असतं.

मनुष्यबळावरून शेवटचं. माळीकामाच्या करारात बहुधा एकच ओळ असते, ‘गवत कापणे व तण काढणे, महिन्यातून दोनदा.’ या ओळीने कंत्राटदाराला ब्रश कटर फिरवून निघून जायची मुभा मिळते. तिच्या जागी चार ओळी घालून घ्या: जून ते सप्टेंबर दर आठवड्याला दीड इंचावर कापणी, धार लावलेल्या मशीनने, त्याच दिवशी एका माणसाने खुरपं घेऊन तासभर फक्त लव्हाळा, मे महिन्यात खरडणी आणि भोकं, चाळलेल्या कंपोस्टसह, वेगळ्या दराने, आणि ओल्या मातीवर रोलर फिरवायचा नाही. दर थोडा वाढेल. वार्षिक सभेत त्यावर वाद होईल, तेव्हा गेल्या चार वर्षांत नव्या लाद्यांवर किती खर्च झाला तो आकडा खजिनदाराकडून आधीच काढून ठेवावा.